ओसरीवरची निवांत दुपार कुणाची?

ताई,

आठ महिन्यांपूर्वी आम्ही शहर सोडून गावातल्या जुन्या घरी राहायला आलो. मी, नवरा, दोन मुलं (मुलगी अकरा, मुलगा सात) आणि सासूबाई. निर्णय दोघांचा होता, मला कुणी ओढून आणलेलं नाही. नवरा घरूनच लॅपटॉपवर काम करतो, मी नोकरी सोडली. जो तो म्हणतो, किती भाग्यवान आहात, मोकळी हवा, निवांत जगणं! नवरा संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणतो, ‘हेच तर हवं होतं.’ मला ते निवांतपण कुठे सापडतच नाही. सकाळ कामात कशी जाते कळत नाही आणि दुपारी दोन ते पाच घड्याळ हलत नाही. दहा मिनिटं स्वस्थ बसवत नाही, हात फोनकडे जातो. शेजारणी केव्हाही येतात आणि तासभर उठत नाहीत. मुलांचा ‘कंटाळा आला’चा जप चालूच. सासूबाई बियाणं निवडत तीन-तीन तास बसतात आणि वर म्हणतात, ‘आज नाही झालं तर उद्या होईल.’ मला त्याचा राग येतो, मग रागाची लाज वाटते. वेळापत्रक करून पाहिलं, चार दिवसांत बारगळलं. हे संथ जगणं मला आवडायला कधी लागेल? की माझ्यातच काही खोट आहे? की सरळ परत जावं?

– ओसरीच्या आतली

प्रिय ‘ओसरीच्या आतली’,

सही मोठी नेमकी केलीत. जाणूनबुजून केलीत की सहज सुचली, ते तुम्हालाच ठाऊक, पण निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा मला वाटलं, नेहमीचंच आहे, रुळतील वर्षभरात. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं. नवरा काय करतो, तर बसतो. सासूबाई बसतात. शेजारणी येऊन बसतात. तुम्ही काय करता? ‘सकाळ कामात कशी जाते कळत नाही.’ एवढं एकच वाक्य! ती कामं कुठली, किती, कुणासाठी, यातलं एक अक्षर पत्रात नाही. ती मोजायची असतात हेच तुमच्या मनात आलेलं दिसत नाही.

शहरात तुमच्या घराचं काम दहा हातांत विखुरलेलं होतं. पाणी नळाला यायचं, कचरा कुणीतरी न्यायचं, बिघडलेली वस्तू फोन केला की कुणीतरी येऊन दुरुस्त करायचं, मुलं संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली असायची. त्याचे पैसे जायचे, म्हणून ते काम वाटायचं नाही, खर्च वाटायचा. गावात आलात आणि ते दहाही हात मागे राहिले. कामं मात्र सामानाबरोबर आली. घरात नोकरी सोडलेली एकच व्यक्ती होती, त्यामुळे कुणी न बोलता, न ठरवता ती सगळी तुमच्या पदरात पडली.

म्हणून थोडं स्पष्ट बोलते. गावात राहायला आलं म्हणून निवांतपणा आपोआप मिळत नाही. घरात कुणी निवांत बसलेलं दिसलं की त्याच्या वाटचं काम कोण करतंय, ते आधी पाहावं. तुमचे यजमान वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. बहुधा त्यांना हे दिसलेलंच नाही. सगळ्या जगात असंच चालतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतल्या पाहण्यांवरून हिशेब मांडला होता. घरातलं बिनपगारी काम बायका दिवसाला सरासरी २६५ मिनिटं करतात आणि पुरुष ८३ मिनिटं. मधल्या तीन तासांत ओसरीवरची एक अख्खी संध्याकाळ मावते.

वेळापत्रक का बारगळलं, तेही सांगते. ई. पी. थॉम्पसन नावाच्या इंग्लिश इतिहासकाराने १९६७ मध्ये एका निबंधात वेळेचे दोन प्रकार सांगितले होते. एक घड्याळाची वेळ, जी कारखान्यांबरोबर माणसांच्या अंगवळणी पडली. दुसरी त्याआधीची, कामाची वेळ. गाय पान्हावते तेव्हा धार काढायची, ऊन असेल तेव्हा वाळवण, उजेड सरला की काम सरलं. या दुसऱ्या वेळेत काम आणि गप्पा यांच्यात कुंपण नसतं. काम आलं की दिवस लांबतो, नसलं की आखडतो. तुमच्या सासूबाईंचं ‘आज नाही झालं तर उद्या’ या वेळेतलं आहे, आणि तुम्ही त्यावर ऑफिसातलं वेळापत्रक चिकटवायला गेलात. चार दिवस टिकलं हेच खूप.

त्याच निबंधातलं आणखी एक निरीक्षण मला पटतं. बाहेरचं सगळं जग घड्याळावर गेलं तरी लहान मुलांची आई पुरती त्यात गेलीच नाही, ती घरातल्या माणसांच्या भरती-ओहोटीवरच चालत राहिली. शहरात तुमच्याकडे दोन्ही होतं, घरी भरती-ओहोटी आणि ऑफिसात घड्याळ. ऑफिसातलं काम संपलेलं कळायचं, महिन्याला त्याची पावती मिळायची. आता पगार आणि घड्याळ एकदमच गेले. जे उरलं ते कधी संपत नाही आणि केलेलं कुणाला दिसत नाही. असं असताना कुणी ‘किती निवांत!’ म्हटलं की डोकं फिरणारच.

सासूबाईंच्या त्या तीन तासांकडे जरा जवळून बघा. तुम्ही लिहिलंय ‘बसतात’. पण त्या काम करताहेत. बोटांकडे पाहा. किडकं, फुटलेलं, हलकं, पोचट बी नजर पडायच्या आत बाजूला जातं. पुढच्या पेरणीतलं काय उगवेल नि काय नाही, याचा बराचसा निकाल त्या सुपातच लागतो. म्हणजे काम त्याही करतात आणि तुम्हीही करता. मग त्या निवांत दिसतात आणि तुम्ही बेचैन, असं का? त्यांना तीन तासांत कुणी हाक मारत नाही. तुम्हाला मारतात. आई, माझं हे कुठंय. अगं, ते बघ ना जरा. वहिनी, आहात का घरात? निवांतपणा म्हणजे काम नसणं, असं आपण धरून चालतो. मला विचाराल तर हातातलं काम हातात असताना मधेच हाक न येणं म्हणजे निवांतपणा. तो सासूबाईंना वयाने मिळालाय, नवऱ्याला दार लावून मिळालाय. तुम्हाला अजून कुणी दिलेला नाही आणि तुम्ही मागितलेलाही नाही.

मागायचा कसा, तर आधी कागद. एक आठवडाभर दाराशेजारी एक मोठा कागद लावा आणि ज्याने जे काम केलं ते त्याने लिहायचं. मुलांनीही, सासूबाईंनीही. त्यांना लिहिणं जमत नसेल तर नातीने लिहावं. भांडणासाठी नाही, नुसतं दिसावं म्हणून. सात दिवसांनी कागद स्वतःच बोलेल, तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही.

मग कामं वाटायची, ‘मदत’ हा शब्द न वापरता. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं. आणि वाटायची तर अख्खी वाटायची, आठवणीसकट. याची एक गोष्ट सांगते. शहर सोडून इकडे आले त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी ठरलं की पाणी यांच्याकडे. हे रोज विचारायचे, ‘पंप लावू का?’ आता विचारायचं म्हटलं की टाकीत किती पाणी आहे, वीज केव्हा जाते, कपडे किती साचलेत, हा सगळा हिशेब माझ्याच डोक्यात. ह्यांनी फक्त बटण दाबायचं. एक दिवस मी म्हटलं, ‘मला नका विचारू, पाणी तुमचं आहे.’ तिसऱ्या संध्याकाळी टाकी ठणठणीत कोरडी, वीज गायब, आणि न्हाणीघरात डोक्याला साबण लावून उभे असलेले हेच! मी जागची हलले नाही. फार कठीण गेलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून ह्यांना टाकी ऐकू यायला लागली. जाता-येता बोटाची पेरं टाकीवर वाजवतात, वरून खाली. आवाज पोकळ येतो तिथपर्यंत रिकामी, बद्द येतो तिथून खाली पाणी. अकरा वर्षांत पुन्हा कधी विचारलं नाही. उलट पाहुण्यांना टाकी वाजवून दाखवतात.

तुमच्या घरातली अशी दोन-तीन कामं शोधा आणि अख्खी देऊन टाका. एखादं चुकू द्या. तुम्ही धावलात की संपलं.

आता दुपारी दोन ते पाच. या वेळात एक तास कुठलीही हाक तुमच्यापर्यंत पोचता कामा नये. त्या तासाच्या हाका नवऱ्याकडे. ‘माझं काम असतं’ म्हणतील. असू दे. शहरातल्या ऑफिसातही माणसं तासभर जेवायला उठतातच.

पण तो तास मिळाल्यावर काय होईल, याची आधीच कल्पना देऊन ठेवते. पहिले काही दिवस तुम्हाला तो आवडणार नाही, हात फोनकडे जाईलच. ही काही तुमच्यातली खोट नव्हे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं नुसतं बसायला सांगितलं. सोबत फोन नाही, पुस्तक नाही, फक्त एक बटण, जे दाबलं की विजेचा सौम्य झटका बसतो. हा झटका टाळायला आम्ही पैसेसुद्धा देऊ, असं याच माणसांनी आधी सांगितलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी एकदा तरी ते बटण दाबलं. पंधरा मिनिटं नुसतं बसण्यापेक्षा झटका बरा! तेव्हा दहा मिनिटं बसवत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. (बायकांनी कमी दाबलं, याचं कारण मला विचाराल तर त्यांना पंधरा मिनिटं कुणी हाक मारली नाही याचंच अप्रूप वाटलं असणार. हे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, मी म्हणते.)

म्हणून ‘आता मी संथ जगण्याचा आनंद घेणार’ असं ठरवून बसू नका, झोप येईल नाहीतर रडू. त्यापेक्षा जिची घाई करताच येत नाही अशी एखादी गोष्ट जवळ करा.

माझ्या बाबतीत ती एक कोंबडी निघाली. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी आमची एक कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसली ती हलेचना, हात नेला की टोचायची. तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. अंड्यातून पिल्लू यायला २१ दिवस लागतात, हे मला पुस्तकी माहीत होतं. पण मी शहरातून आलेली, मला रोज प्रगती बघायची सवय. दिवसातून आठ वेळा जाऊन डोकावायची. शेवटी माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, बसायचं तिला आहे, तू कशाला उठाबशा काढतेस?’

मग मीही बसले. खुराड्याच्या बाहेर, पाट टाकून, दुपारच्या वेळी. तेव्हा दिसलं की ती नुसती बसलेली नसते. मधूनमधून उठल्यासारखं करते, चोच पोटाखाली घालते आणि एकेक अंडं आपल्याकडे ओढून फिरवते. कडेचं आत, आतलं कडेला. दिवसातून एखाददा बाहेर येते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत जागेवर. आठव्या रात्री अंधारात अंडी एकेक करून बॅटरीवर धरली. दोन कोरी निघाली. सातांमध्ये लालसर शिरांचं जाळं होतं, रोपट्याच्या मुळांसारखं, आणि मधे एक काळा ठिपका, जो चक्क हलला. माझ्या धाकट्याने श्वास रोखून धरला होता. विसाव्या दिवशी सासूबाईंनी मला खाली वाकायला लावलं. कवच अजून अखंड होतं आणि आतून बारीक चिवचिव येत होती. वरून कोंबडी हलक्या घशात ‘कुर्र कुर्र’ करून तिला उत्तर देत होती. पिल्लू अजून जन्मायचं होतं आणि दोघींचं बोलणं सुरू झालेलं!

सातही पिल्लं बाहेर यायला दीड दिवस लागला. पहिली आलेली भुकेली राहतील म्हणून माझा जीव वरखाली. पण बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. म्हणूनच आईला शेवटच्या पिल्लासाठी थांबता येतं. त्या तीन आठवड्यांत कधीतरी मी ‘किती वाजले?’ विचारायचं सोडलं आणि ‘कितवा दिवस?’ विचारायला लागले. ठरवून काही झालं नाही.

तुम्ही कोंबडीच पाळा असं मुळीच नाही, घाण खूप होते. सासूबाईंच्या शेजारी दुसरं सूप घेऊन बसलात तरी चालेल. फक्त शिकायला म्हणून बसा, गोड बोलायला म्हणून नको. हे बी का टाकलं, हे का ठेवलं, ते विचारा. म्हाताऱ्या माणसांना आपल्या हातातलं कसब कुणी विचारलं की त्या वेगळ्याच होतात. तुमचा रागही बहुधा तिथेच विरघळेल. नाही विरघळला, तर निदान बियाणं निवडून होईल.

शेजारणींचं सोपं आहे. त्या तुमच्याकडे पाहुण्या म्हणून येत नाहीत, बसायला येतात. हातातलं काम टाकून तुम्ही त्यांच्यासमोर ताठ बसता म्हणून तास जड जातो. काम चालू ठेवा, एखादं त्यांच्याही हातात द्या. कुणी रागावणार नाही. आणि तुमच्या त्या एका तासात कुणी आली तर दारातूनच ‘चारनंतर या’ म्हणायला शिका. मला शिकायला दोन वर्षं लागली, तुम्ही लवकर शिकाल.

मुलांच्या कंटाळ्याचं काहीही करू नका. खरंच काही करू नका. फक्त एका रात्री घरातला, अंगणातला एकूण एक दिवा घालवा आणि दोघांना घेऊन बाहेर बसा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. पहिल्या दहा मिनिटांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना जेवढं दिसायचं तेवढं दिसतं, मग मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी हळूहळू जाग्या होतात. सुरुवातीला मोजून पंचवीस तारे दिसतात आणि अर्ध्या तासाने मोजायचं सुचत नाही. मधे कुणी मोबाइल उघडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलं एकमेकांवर असा पहारा ठेवतात की तुम्हाला फोनला हातही लावता येणार नाही.

राहिला परत जाण्याचा प्रश्न. तुम्हाला शहराची आठवण येते की नोकरीची? पत्रात रहदारीची, दुकानांची, मैत्रिणींची आठवण कुठेही नाही. ‘मी नोकरी सोडली’ हे मात्र आहे, आणि त्यापुढे पूर्णविराम. नवरा इथून लॅपटॉपवर काम करतो, मग तुम्हाला का करता येऊ नये? पूर्ण वेळ नसेल, अर्धा वेळ. पैसे थोडे मिळतील, पण ते तुमच्या नावाचे असतील आणि दाराला आतून कडी लावण्याचं कारणही तुमचं असेल. गाव आवडणं आणि घरात बसून राहणं या दोन गोष्टी एकाच दोरीला कशा बांधल्या गेल्या, ते दोघांनी मिळून एकदा बघा. बांधताना कुणाच्या लक्षात आलं नसेल, सुटतील.

आठ महिने झालेत. सगळे ऋतू एकदा पाहून झाल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आणखी चार महिन्यांनंतरची एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी दोघांनी बसून खरोखर ठरवायचं, राहायचं की जायचं. तोवर हा प्रश्न रोज रात्री उशाशी घ्यायचा नाही. त्या दिवशी ‘जायचं’ ठरलं तर जा. त्यात हार कसली? गाव काही कुठे पळून जात नाही. मधे वाटलं तर आठवडाभर एकट्या शहरात जाऊन या, मुलांना घरी ठेवून. परत येताना एसटीत काय वाटलं, ते मला कळवा.

तुमची,
ताई

ता. क. हे उत्तर यजमानांना वाचायला द्यायचं असेल तर जरूर द्या. पण साबणाचा किस्सा आमच्या ह्यांचा आहे, हे त्यांना आधीच सांगा. नाहीतर ते आजपासूनच टाकी भरून ठेवतील, आणि मग त्यांना टाकी वाजवायला कधीच येणार नाही.